भिंग कुणाच्या हातात?

डॉ. रघुनाथ माशेलकरांनी आपल्या शाळेची एक आठवण इतक्यांदा सांगितली आहे की गिरगावात ती आता घरची गोष्ट झाली आहे. शाळा खेतवाडीतले युनियन हायस्कूल, काळ १९५०च्या दशकातला. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या भावे सरांनी मुलांना उन्हात नेले, भिंग धरले आणि उन्हाचा ठिपका बारीक होत होत खालचा कागद जळला. शक्ती अशी एका जागी आणली तर काय होते, हे त्यांनी मुलांना दाखवले. त्या मुलांतला एक पुढे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा आणि मग वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचा प्रमुख झाला.

ही गोष्ट सांगताना आपण मुलाच्या जिद्दीवर येऊन थांबतो. सहाव्या वर्षी वडील गेलेले, देशमुख गल्लीतली एक खोली, कष्ट करणारी आई, अनवाणी पाय, रस्त्यावरच्या दिव्याखालचा अभ्यास. सगळे खरेच आहे. पण त्याच गोष्टीत आणखी पाच गोष्टी आहेत, आणि त्यांच्याकडे आपले लक्ष जात नाही. प्राथमिक शिक्षणाला महापालिकेची शाळा होती. पुढे परवडेल अशी मराठी माध्यमाची माध्यमिक शाळा होती. त्या शाळेत विषय मुरलेला शिक्षक होता आणि त्याच्या हातात भिंग होते. मॅट्रिकनंतर सर दोराबजी टाटा ट्रस्टची महिना साठ रुपयांची शिष्यवृत्ती होती. आणि माटुंग्याला मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, म्हणजे यूडीसीटी होता. यांतली एकही गोष्ट त्या मुलाच्या जिद्दीने उभी राहिलेली नव्हती. समाजाने, सरकारने, एखाद्या विश्वस्त निधीने ती आधीच उभी करून ठेवली होती.

विज्ञानशिक्षणातला सामाजिक न्याय म्हणजे काय, याचे उत्तर मला या पाच गोष्टींत दिसते. गरीब घरातला हिरा शोधून काढणे हे त्यातले फार छोटे काम. शेजारच्या बाकावरच्या साधारण मुलीलाही ते भिंग हातात धरायला मिळते का, हा खरा प्रश्न. गिरगाव ते लालबाग एवढ्या टापूत या प्रश्नाचे पावणेदोनशे वर्षांत काय झाले, ते पाहू.

फळ्यामागचे डबे

सुरुवात चांगली होती. १८४८मध्ये एल्फिन्स्टन संस्थेतल्या तरुणांनी विद्यार्थ्यांची साहित्य आणि विज्ञान सभा स्थापन केली. दादाभाई नौरोजी तिच्या उभारणीत होते. पुढे ते एल्फिन्स्टनमध्ये गणित आणि पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. सभेच्या मराठी आणि गुजराती शाखा ज्ञानप्रसारासाठी व्याख्याने भरवत. याच सभेने १८४९मध्ये मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या, आणि सुरुवातीला हे तरुण तिथे विनावेतन शिकवत. डॉ. भाऊ दाजींसारख्यांनी त्या कामाला बळ दिले. विज्ञानाचे नाव घेणारी सभा आणि मुलींची शाळा या मुंबईत अशा एकाच घरात वाढल्या.

पण तो प्रकाश वरच्या मजल्यावरच राहिला. हंटर आयोगापुढे १८८२मध्ये जोतीराव फुल्यांनी नेमके हेच मांडले. सरकारचा महसूल शेतकऱ्यांच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा आरोप. प्राथमिक शाळांत शेतीचे आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञान द्यावे, असेही त्यांनी सुचवले होते. आजच्या भाषेत ती लोकांच्या विज्ञानाची मागणी होती.

शाळेचे दार उघडले तरी आत काय होई, हे बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रातला एक प्रसंग सांगतो. ते एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये असताना शिक्षकांनी त्यांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले. वर्गात एकच गलका झाला, कारण सवर्ण मुलांचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते आणि ते विटाळतील अशी भीती होती. डबे हलवल्यावर मग गणित झाले. प्रवेश होता, गुणवत्ता होती, फळा समोर होता. तरी तिथे पोचण्याच्या वाटेत कुणाचे तरी डबे होते.

तेच बाबासाहेब पुढे परळच्या बीआयटी चाळीत राहिले, दामोदर हॉलमधून त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभेचे काम केले, आणि १९४६मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय काढले. दिवसा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तिथले वर्ग सकाळी भरत. घड्याळाचे काटे कुणाच्या सोयीने लावायचे, हाही न्यायाचाच प्रश्न असतो, हे त्यांनी ओळखले होते.

परळची भिंत

परळइतके विज्ञान देशातल्या थोड्याच वस्त्यांनी पाहिले असेल. प्लेगच्या लशीवर काम करणारी हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात आली. १९२६मध्ये केईएम रुग्णालय आणि सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १९४१मध्ये टाटा स्मारक रुग्णालय आले. आणि या सगळ्याभोवती गिरण्या, भोंगे, दहा बाय दहाच्या खोल्या, पाळीपाळीने झोपणारी माणसे.

शिक्षणाचे प्रयत्नही इथेच झाले. महापालिकेने सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण १९२५मध्ये प्रथम एफ आणि जी वॉर्डांत लागू केले. परळ, दादर, वरळी हा कामगारांचा पट्टा त्यात येई. ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगने, १९११च्या स्थापनेपासूनच, कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालये चालवली. गिरण्यांना तंत्रज्ञ हवेत म्हणून १८८७मध्ये स्थापन झालेली व्हीजेटीआय आधी भायखळ्याला आणि १९२३पासून माटुंग्याला.

तरी प्रयोगशाळेची भिंत आणि चाळीची भिंत यांच्यामधला रस्ता ओलांडणारी मुले थोडीच. एक उदाहरण सांगतो. गिरणीच्या खात्यात कापसाची धूळ वर्षानुवर्षे श्वासातून गेली की छाती भरते, दम लागतो. त्याला बिसिनोसिस म्हणतात. केईएमच्या डॉक्टरांनी मुंबईच्या गिरणी कामगारांमध्ये या रोगाचा अभ्यास केला. ते विज्ञान परळमध्येच घडले. पण लालबागच्या शाळेत श्वसनसंस्थेची आकृती काढणाऱ्या मुलाला, आपले आजोबा रात्रभर का खोकतात आणि या आकृतीशी त्याचा काय संबंध, हे कुणी सांगितले? पाठ्यपुस्तकात नाक होते, श्वासनलिका होती, वायुकोश होते. गिरणी नव्हती.

नाना चौकातली सुरुवात

ही दरी ज्यांना खुपली त्यांत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले काही वैज्ञानिक होते. त्यांतल्या अनिल सद्गोपाल यांनी संस्था सोडून मध्य प्रदेश गाठला. त्यांच्या किशोर भारतीने आणि रसूलियाच्या फ्रेंड्स रूरल सेंटरने मिळून १९७२मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा शाळांत विज्ञान शिकवण्याचा प्रयोग सुरू केला. मुले गटाने प्रयोग करत, निरीक्षण लिहीत, निष्कर्षावर भांडत. परीक्षेत पुस्तक उघडून बघायची मुभा होती, कारण पाठांतर तपासायचेच नव्हते. सुरुवातीला टाटा संस्थेतले आणि नंतर दिल्ली विद्यापीठातले वैज्ञानिक शिक्षकांना प्रशिक्षण द्यायला जात. १९७८मध्ये कार्यक्रम जिल्हाभर पसरला, १९८२पासून ‘एकलव्य’ संस्थेने तो सांभाळला, आणि २००२मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. तीस वर्षांचे काम एका आदेशाने थांबले.

दुसरी वाट मुंबईतच निघाली. प्रा. भालचंद्र उदगावकर आणि प्रा. वि. गो. कुलकर्णी यांच्या पुढाकाराने १९७४मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले. ते पहिल्यांदा बसले कुठे? ग्रँट रोडजवळ नाना चौकातल्या महापालिका शाळेत. खेतवाडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. आणि सुरुवातीचा पैसा दिला सर दोराबजी टाटा ट्रस्टने, म्हणजे ज्याने माशेलकरांना साठ रुपये दिले त्याच ट्रस्टने. आज केंद्र मानखुर्दला प्रशस्त आवारात आहे आणि बहुतेकांना ते ऑलिंपियाडमुळे माहीत आहे. पण त्याची पहिली वर्षे महापालिका शाळांच्या मुलांत आणि जळगाव जिल्ह्यात खिरोद्याच्या आसपासच्या शाळांत गेली.

१९८०च्या सुमारास केंद्राने महापालिकेच्या माध्यमिक शाळांतल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसोबत काम हाती घेतले. कुलकर्णी आणि सुधाकर आगरकर यांचा त्यावरचा अहवाल १९८५चा. ही मुले मागे पडतात ती बुद्धीने कमी म्हणून नव्हे, तर शाळा ज्या भाषेत आणि ज्या गृहीतांवर चालते ती त्यांच्या घरची नसते म्हणून, हे त्यातून पुढे आले. नेमकी मदत मिळताच मुलांची प्रगती दिसली. कुलकर्णी आणि वि. ग. गंभीर यांनी त्याआधी पाठ्यपुस्तकाच्या भाषेचाच अभ्यास केला होता. तेच विज्ञान, तेच मुद्दे, फक्त मराठी सोपी केली, तर मुलांना जास्त कळते. म्हणजे मराठी मुलाला मराठी माध्यमातही भाषेची अडचण येते. ही गोष्ट तेव्हा अनेकांना नवी होती. अजूनही पुरती पचलेली नाही.

नाभी आणि फोकस

भावे सरांचे भिंग पाठ्यपुस्तकात ‘बहिर्वक्र भिंग’ होते. ऊन जिथे गोळा होते ती जागा ‘नाभी’, आणि भिंगापासून तिथपर्यंतचे अंतर ‘नाभीय अंतर’. लालबागच्या मुलाला नाभी म्हणजे बेंबी, तीही कीर्तनात ऐकलेली. शिक्षकाने उन्हात ठिपका दाखवला तर शब्द कुठलाही चालतो. ठिपका न दाखवता शब्द दिला की ती घोकंपट्टी होते. परिभाषा वाईट नसते. मराठी विज्ञान परिषदेने १९६६पासून आणि राज्याच्या परिभाषाकोशांनी मराठीत विज्ञान बोलता यावे म्हणून केलेले काम मोठे आहे. पण शब्दाखाली अनुभवाची जमीन हवी, आणि ती परिभाषाकोश देऊ शकत नाही.

हा वाद सुटायच्या आत जमीनच सरकली. गिरगाव-दादरच्या मध्यमवर्गाने आपली मुले इंग्रजी माध्यमात घातली आणि मराठी शाळांचे वर्ग ओस पडू लागले. उरलेल्या शाळांनी ‘सेमी इंग्रजी’चा मार्ग धरला. इतिहास मराठीत, विज्ञान आणि गणित इंग्रजीत. पालकांचे काही चुकत नाही. दहावीपर्यंत मराठीत विज्ञान शिकून रुपारेल, रुईया, कीर्तीच्या अकरावी सायन्सला बसलेल्या मुलाला पहिल्या तासाला काय होते, हे सगळ्यांनी पाहिले आहे. राज्यात अकरावी-बारावीचे विज्ञान शिकवले जाते ते इंग्रजीतच. ‘त्वरण’ माहीत असलेली मुलगी ‘ॲक्सलरेशन’पुढे गप्प बसते, आणि शेजारचे तिला कच्ची समजतात.

यातली विसंगती आता आणखी उघडी पडली आहे. नीट २०१७पासून आणि जेईई मेन २०२१पासून मराठीतही देता येते. एआयसीटीईच्या मान्यतेने २०२१मध्ये पिंपरी-चिंचवडमध्ये मराठीतून अभियांत्रिकीचा वर्गही सुरू झाला. म्हणजे दहावीपर्यंत मराठी आहे, प्रवेशपरीक्षेला मराठी आहे, पदवीलाही थोडी आहे. मधल्या दोन वर्षांचा पूल मात्र नाही. ज्या मुलाला घरातून कुणी इंग्रजी शिकवू शकत नाही, तो नेमका तिथेच पडतो.

सेमी इंग्रजीला माझा विरोध नाही. वर्गात दोन्ही भाषा मोकळेपणी वापरायची मुभा असेल, प्रश्न मराठीत विचारायचा आणि संज्ञा इंग्रजीत लिहायची सोय असेल, तर तो उत्तम पूल होऊ शकतो. बऱ्याच वर्गांत होते उलटे. इंग्रजी नीट न येणारे शिक्षक इंग्रजी पुस्तकातली वाक्ये फळ्यावर उतरवतात आणि मुले ती वहीत.

जर्नल

दहावीला विज्ञानाचे दोन पेपर चाळीस-चाळीस गुणांचे, आणि वीस गुण प्रात्यक्षिक व अंतर्गत मूल्यमापनाचे. हे वीस गुण शाळेच्या हातात, म्हणून ते सर्वांना भरभरून मिळतात. जर्नल सुबक हवे, कव्हर घातलेले हवे, आकृती पेन्सिलीने हवी. निरीक्षणाचे आकडे मागच्या वर्षीच्या जर्नलमधून आले तरी चालते. मीही माझे ओहमच्या नियमाचे आकडे मित्राच्या वहीतून घेतले होते, आणि आलेख अगदी सरळ रेषेत आला होता. खरा प्रयोग केला असता तर तो इतका सरळ आला नसता, हे कळायला पुढे बरीच वर्षे गेली.

साहित्य नाही ही तक्रार अर्धीच खरी आहे. युद्धात शाळा उद्ध्वस्त झालेल्या देशांतल्या शिक्षकांसाठी टाकाऊ वस्तूंतून उपकरणे करण्याची माहिती युनेस्कोने गोळा केली आणि त्यातून १९५६मध्ये विज्ञानशिक्षकांचे प्रसिद्ध मार्गदर्शक पुस्तक आले. आपल्याकडे अरविंद गुप्तांनी होशंगाबादच्या प्रयोगातून प्रेरणा घेऊन आगकाडी, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, रिकाम्या बाटल्या यांतून खेळणी केली आणि पुण्याच्या आयुकात त्यांची शाळाच मांडली. भिंगाला तर फार पैसे लागत नाहीत. पाणी भरलेला गोल पारदर्शक बल्बही ऊन गोळा करतो. अडचण असते ती वेळेची, पासष्ट मुलांच्या वर्गाची, अभ्यासक्रम संपवण्याच्या धाकाची. आणि उपकरण फुटले तर भरून कोण देणार, या भीतीने लावलेल्या कुलपाची.

वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र १९८५मध्ये पूर्ण उघडले तेव्हा गिरणगावच्या मुलांना प्रथमच बटन दाबून, चाक फिरवून पाहण्याची जागा मिळाली. पण वर्षातून एकदाची सहल ही रोजच्या तासाची भरपाई करू शकत नाही.

क्लासचा जिना

१९८२च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि पुढच्या वीस वर्षांत गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले. त्याच काळात दादर स्टेशनच्या दोन्ही अंगांना कोचिंग क्लासचे जिने उगवले. विज्ञानात पुढे जायचे तर शाळेपेक्षा क्लास महत्त्वाचा, हे समीकरण पक्के झाले. आता ‘इंटिग्रेटेड’ म्हणजे कॉलेजात नाव आणि क्लासमध्ये हजेरी. ज्या टप्प्यावर पूर्वी साठ रुपयांची शिष्यवृत्ती पुरत असे, तिथे आता लाखांतली फी आहे.

स्पर्धांचेही तेच. मुंबईच्या विज्ञान अध्यापकांच्या मंडळाची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा १९८१पासून सहावी आणि नववीसाठी होते. लेखी, प्रात्यक्षिक, मुलाखत, प्रकल्प अशी तिची रचना मुळात घोकंपट्टीच्या विरोधातली. आज तिचेही क्लास आहेत. शासनाची प्रज्ञाशोध परीक्षा, जिच्यातून साध्या घरातल्या मुलांना पदव्युत्तर शिक्षणापर्यंत शिष्यवृत्ती मिळे, ती २०२१नंतर थांबली आहे. किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजनाही २०२२मध्ये गुंडाळली गेली. जिने वाढले, आणि फुकटच्या पायऱ्या कमी झाल्या.

रात्रशाळांत तर विज्ञानाचा तास सगळ्यात कठीण. दिवसभर दुकानात, कुरियरवर, घरकामाला राबून संध्याकाळी साडेसहाला येणारी मुले, आणि दिवसाच्या शाळेची कुलूपबंद प्रयोगशाळा. ‘मासूम’ या संस्थेने २००८पासून मुंबईच्या रात्रशाळांत खाणे, पुस्तके आणि फिरती प्रयोगशाळा पोचवली, तेव्हा अनेकांनी परीक्षानळी पहिल्यांदा हातात धरली.

दाराच्या आत

आत पोचल्यावरही सगळे संपत नाही. मुंबई विद्यापीठातून १९३३मध्ये पदवी घेतलेल्या कमला सोहोनींना बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून नाकारले. त्यांनी हट्ट धरला तेव्हा वर्षभराच्या परीक्षणाच्या अटीवर घेतले. त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली, मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायन शिकवले, आणि संशोधनाला विषय घेतला तो नीरेचा, गरिबांच्या पोषणाचा. वगळलेले लोक आत आले की विज्ञानाचे प्रश्नही बदलतात, याचे हे ठळक उदाहरण. आरक्षणाने अनेकांना दार उघडले, पण दिल्लीच्या एम्समधल्या भेदभावावर सुखदेव थोरात समितीने २००७मध्ये दिलेला अहवाल वाचला, की फळ्यामागचे डबे अजून पुरते हललेले नाहीत हे कळते.

काय टिकले, काय करायचे

एवढ्या प्रयोगांतून काही धडे स्पष्ट आहेत. एक, बाहेरच्या हुशार माणसांनी येऊन शिकवले तर ते माणूस निघून गेल्यावर संपते. सरकारी व्यवस्थेत मुरले नाही तर एका आदेशाने बंद होते. दोन, शिक्षक मुलांच्या वस्तीतला असला तर भाषेचा अर्धा प्रश्न सुटतो. २००३मध्ये वरळीच्या ग्लोब मिल पॅसेज महापालिका शाळेत सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’ने आसपासच्या वस्त्यांतल्या बायकांनाच प्रशिक्षण देऊन शिक्षिका केले, आणि पुढे महापालिकेच्या सात शाळांत ते काम नेले. तीन, अकरावी-बारावीच्या दोन वर्षांना द्विभाषिक पुस्तके आणि द्विभाषिक वर्ग दिल्याशिवाय मराठी शाळा वाचवण्याच्या गप्पा पोकळ आहेत. चार, प्रयोगाचे गुण प्रयोगालाच मिळाले पाहिजेत, जर्नलच्या कव्हरला नव्हे.

महापालिकेच्या शाळा आजही पुस्तके, दप्तर, गणवेश फुकट देतात. ‘मुंबई पब्लिक स्कूल’ या नावाने नवे वर्ग निघाले, काहींना केंद्रीय मंडळही मिळाले, आणि पालकांच्या रांगा लागल्या. सार्वजनिक शाळेवर लोकांचा विश्वास बसू शकतो, एवढे त्यातून सिद्ध झाले. त्या विश्वासाला प्रयोगशाळेची जोड देणे हे काही अशक्य काम नाही.

वाचकांपैकी पुष्कळजण गिरगाव, दादर, परळच्या शाळांतून शिकून वर आलेले असतील. शाळेच्या शताब्दीला आपण देणगी देतो, सभागृहाला नाव देतो. या वेळी घराजवळच्या महापालिका शाळेत किंवा रात्रशाळेत जाऊन मुख्याध्यापकांना तीन साधे प्रश्न विचारा. शाळेत भिंग आहे का? कपाटाची किल्ली कुणाकडे असते? आणि मुलांना घेऊन ते शेवटचे उन्हात कधी नेले होते?